बिलासपूरच्या गाडीतली हार्ड डिस्क

हार्ड डिस्क बसवणं आणि बसवलेल्या डिस्कची निगा राखणं हे माझं काम. आमच्या आईला ते कधी धड सांगता आलं नाही. हळदीकुंकवाला कुणी विचारलं की ती म्हणायची, "ती कॉम्प्युटरात असते," आणि ते अशा काही सुरात, की ऐकणाऱ्या बाईला वाटावं, मुलगी सकाळी डबा घेऊन आत शिरते आणि संध्याकाळी झाकण उघडून बाहेर येते. प्रत्यक्षात मी उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावरच्या माडीत बसायचे. खालून नव्या चामड्याचा वास यायचा आणि लोक आपापले आजारी कॉम्प्युटर गादीच्या खोळीत गुंडाळून आमचा जिना चढायचे.

डिस्क बिघडायला लागली की बहुतेक वेळा आधी आवाज करते. तो ऐकायला मी पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक डिस्कच्या पाठीवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. हे पाहिलं की भलेभले गप्प व्हायचे. दौलतगंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याने तर मला दबक्या आवाजात विचारलं होतं, "बेटी, खतरे से बाहर है ना?"

देखभालीसाठी आमच्याकडे बियाण्यांचं एक सरकारी कार्यालयही होतं, नानाखेड्याकडे. शेतकऱ्यांना विकायच्या बियाण्यांचे नमुने तिथे यायचे, ओल्या कागदात घालून किती उगवतात ते पाहिलं जायचं, आणि निकाल कॉम्प्युटरात भरले जायचे. भोपाळच्या मुख्य कचेरीत हे निकाल साठवायच्या मोठ्या मशीनला म्हणे खोली मिळेना, म्हणून ते उज्जैनला आलं. मग साऱ्या मध्य प्रदेशाचे निकाल इथेच येऊन पडायला लागले. माळव्याचं सोयाबीन, गहू, आणि पार बस्तरपासूनचा भात.

त्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जायचं. एक बंद पडली तर दुसरी काम चालू ठेवते. मेलेली काढून तिथे नवी बसवायची, म्हणजे जिवंत असलेली आपल्याकडचं सगळं नवीवर उतरवून देते. मोठी समजूतदार व्यवस्था होती.

त्या मशीनभोवती दोन माणसं होती. एक कार्यालयाचे साहेब. ते मराठी, आमच्याच कॉलनीतले, वडिलांचे स्नेही. कार्यालयात मी त्यांना साहेब म्हणायचे आणि ते मला मॅडम. फाटकाबाहेर ते काका आणि मी 'बाळ'. कधी फाटकातच उभं राहून बोलायची वेळ आली की आम्ही दोघंही काहीच न म्हणता निभावून न्यायचो.

दुसरे धानबाबू. बिलासपूरकडचे. भाताला त्यांच्याकडे धान म्हणतात आणि बाबूंचा सगळा जीव त्यातच, म्हणून सारं कार्यालय त्यांना याच नावाने हाक मारायचं. मशीनवर आकडे भरायचं काम त्यांचं. नमुन्यातला दाणा दाताखाली धरून ते सांगायचे, हा दुबराज, हा विष्णुभोग. साहेब समोरच्या टेबलावरून म्हणायचे, "भात काय, आजारी माणसाने खायचा. ताप उतरला की पुन्हा पोळी." धानबाबू उलट विचारायचे, "तो साहब, गेहूँवाले इतने बीमार क्यों पड़ते हैं?" हा वाद रोजचा होता आणि तो झाल्याशिवाय दुपारचा चहा यायचा नाही.

मग छत्तीसगड वेगळं झालं. आमच्या उज्जैनमध्ये त्याची फार गडबड नव्हती. चौकात लोक म्हणायचे, होऊ दे, आपल्याला काय. पण ज्यांचं घर तिकडे होतं ते सरकारी लोक बदलीच्या हुकमाची वाट बघत होते, आणि ज्यांचं घर इकडे होतं ते तसलाच हुकूम आपल्याला येऊ नये म्हणून महाकालाला नवस बोलत होते. धानबाबूंना हवा होता तोच हुकूम आला. त्याच्या मागून दुसरा आला, की छत्तीसगडची माहिती छत्तीसगडला सोपवावी.

साहेबांनी मला बोलावलं. मी म्हटलं, "वेगळ्या डिस्कवर कॉपी करून देते. वेळ लागेल."

"वेळ कुठाय? दोन आहेत ना आत? एक काढून दे त्यांना. तिच्या जागी तू नवी बसव. तूच सांगितलं होतंस, उरलेली आपोआप भरून देते म्हणून."

"देते. पण आधी सगळ्याची नक्कल टेपवर आहे का ते बघू या."

"टेप कपाटात आहेत. दर शनिवारी भरतात. बिल्कुल चिंता नको करूस. माझी जबाबदारी."

तिथपर्यंत ठीक होतं. पण शेजारी उभे असलेले धानबाबू म्हणाले, "मैडम, असली किसको मिलेगी?"

मी म्हटलं, "बाबूजी, दोन्ही असलीच आहेत. दोन्हींवर एकच आहे."

"वो तो ठीक. पर पहले किस पर लिखा जाता है?"

"एकदमच लिहिलं जातं."

"एकदम तो कुछ नहीं होता," साहेब मध्येच म्हणाले. त्यांनाही आता गोडी लागली. "वरची असली असणार. वरच्या खणातली. ती राजधानीची. म्हणजे आपली."

"साहब, आपकी राजधानी भोपाल, हमारी रायपुर. दोनों राजधानी."

मी दोन्ही डिस्क सारख्या आहेत हे सांगून सांगून थकले. शेवटी साहेबांनी वरची ठेवून घेतली आणि धानबाबूंनी खालची घ्यावी असं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी गव्हा-भाताचा वाद झाला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि चहा आपला आपण येऊन गार होत राहिला.

घरी मी हे सांगितलं तर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. छप्पन साली मध्य भारत मोडून नवं मध्य प्रदेश झालं तेव्हा ते नुकते नोकरीला लागले होते. "आमच्या कचेरीतलं सामान भोपाळला न्यायचं होतं," ते म्हणाले. "माझं टेबल इथेच राहिलं आणि त्याचा ड्रॉवर गेला भोपाळला. ड्रॉवरमध्ये माझा चष्मा. पुढे कितीतरी महिने मी साहेबांना अंदाजाने नमस्कार करत होतो."

"मग चष्मा मिळाला?"

"ड्रॉवर परत आला. चष्मा कुणी दुसऱ्याने लावला असेल."

ठरल्या दिवशी दुपारी मी मशीन बंद केलं, खालची डिस्क काढली, तिच्या चंदेरी पिशवीत घातली आणि धानबाबूंच्या हातात दिली. आपटायची नाही, उन्हात ठेवायची नाही, पिशवीतून बाहेर काढायची नाही. त्यांनी मान डोलावून सगळं ऐकलं. त्यांची गाडी संध्याकाळची होती, इंदूरहून येणारी. घरचं सामान आधीच बांधून झालं होतं. साहेब खिडकीतून बाहेर सोयाबीनच्या पोत्यांकडे बघत उभे होते. धानबाबू दारात थांबले, म्हणाले, "तो चलता हूँ साहब." साहेब म्हणाले, "हूँ." निरोप म्हणून एवढंच. हार नाही, भाषण नाही, कचोरीसुद्धा नाही. माणूस त्याच कार्यालयात केसांनी काळ्याचा पांढरा झाला होता.

मला वाईट वाटलं, पण मी तिथली कोण? मी खालच्या खणात नवी डिस्क सरकवली आणि मशीन चालू केलं. दिवे लुकलुकायला लागले, उतरवणं सुरू झालं, पडद्यावर टक्के चढू लागले. मी साहेबांकडून चहा मागवला.

चहा यायच्या आत आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मग टक् टक् टक्, कुणी बंद दारावर नखाने वाजवावं तसा. मी पेचकस कानाला लावला. वरच्या डिस्कमधून येत होता. साहेबांच्या असलीमधून.

याचं असं असतं. डिस्कच्या एखाद्या कोपऱ्याकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही. तो खराब झालेला कळतच नाही, कारण तिथलं काही कुणी मागत नाही. सगळंच्या सगळं वाचून दुसरीवर उतरवायची वेळ आली की तो कोपरा समोर येतो. पडद्यावरचे टक्के थांबले, मग पडद्यावर लाल अक्षरं आली, आणि मग डिस्क फिरायचीच बंद झाली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"टेप काढा."

टेप निघाल्या. प्रत्येकीवर सुरेख अक्षरात तारीख, प्रत्येकीबरोबर डांबराची गोळी. मी एक लावली, दुसरी लावली, मग सगळ्या लावल्या. टेपचं यंत्र दर शनिवारी गुरगुरत होतं, हिरवा दिवा दाखवत होतं आणि अक्षरही लिहीत नव्हतं.

साहेब खुर्चीत बसले. "म्हणजे आपल्याकडे आता काय आहे?"

"काही नाही."

"सोयाबीन?"

"नाही."

"गहू तरी?"

"काका, काहीच नाही."

मी फाटकाच्या आत त्यांना काका म्हटलं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"आणि त्याच्याकडे?"

"सगळं. आपलंही."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उठले. "तुझी गाडी आहे ना खाली?"

माझी गाडी म्हणजे एक छोटी मोपेड होती. साहेब चांगले भरलेले. ते मागे बसले तसं पुढचं चाक हलकं झालं आणि मला हॅंडल नुसतं शोभेसाठी दिल्यासारखं वाटायला लागलं. नानाखेड्याहून फ्रीगंजापर्यंत आम्ही बरे आलो. पण स्टेशन पुलापलीकडे, देवास गेटच्या बाजूला, आणि पुलाच्या तोंडाशीच वरात. देवउठनी एकादशी होऊन गेली होती, शहरात ठिकठिकाणी लग्नं लागत होती. पुढे बँड, मध्ये घोड्यावर नवरदेव, आणि सगळा रस्ता भरून नाचणारे पाहुणे. हॉर्न वाजवला तर त्यांना तो बँडचाच भाग वाटायचा.

"भाईसाहब, ट्रेन पकड़नी है," मी ओरडले. एकाने मला नाचायला बोलावलं.

साहेब खाली उतरले. त्यांनी आपली कचेरीची बॅग गळ्यात अडकवली, दोन्ही हात वर केले आणि नाचायला लागले. मी त्यांना पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे ताठ उभं राहिलेलं पाहिलं होतं, गणपतीत आरतीची टाळी चुकवताना पाहिलं होतं, पण हे नव्हतं पाहिलं. खांदे उडवत, गिरक्या घेत ते गर्दीत शिरले. लोकांनी वाट करून दिली, कुणी त्यांच्यावरून नोट ओवाळली, आणि त्या फटीतून मी मोपेड ढकलत त्यांच्या मागे. घोड्याच्या पुढे निघाल्यावर त्यांनी एकदम हात खाली घेतले, रुमालाने कपाळ पुसलं आणि मागे बसून म्हणाले, "चल. आणि घरी सांगू नकोस."

गाडी फलाटाला लागलेली होती. आम्ही खिडक्यांतून डोकावत पळालो. धानबाबू आणि त्यांची बायको समोरासमोर बसले होते. सीटखाली ट्रंक, वळकटी, कुकर, तांदळाचं पोतं. बाबूंच्या मांडीवर पुऱ्यांचा स्टीलचा डबा होता आणि त्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. डिस्क त्यात, बायकोच्या मऊ साडीत गुंडाळलेली. पुऱ्या वर्तमानपत्रात बाहेर.

साहेबांना पाहून धानबाबू उभे राहिले. क्षणभर त्यांना वाटलं असावं, निरोप द्यायला आले. तोंड उजळलं. मग साहेब धापा टाकत म्हणाले, "वो डिस्क वापस चाहिए," आणि ते पुन्हा बसले.

"साहब, दस्तखत हो गया. अब ये छत्तीसगढ़ शासन की है."

"अरे बाबू, हमारी मर गई."

"असली वाली?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी खिडकीतून सगळं सांगितलं. आवाज, लाल अक्षरं, टेप. धानबाबू ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी थोडा आनंद दिसला, तो मी नाकारणार नाही. मग त्यांनी विचारलं, "सोयाबीन भी गया? पूरा?"

"पूरा."

"वो तो मेरे हाथ का भरा हुआ था," ते म्हणाले आणि डब्याकडे बघायला लागले. उज्जैनचं सगळं सोयाबीनही त्यांनीच टाइप केलं होतं. आता ते पुऱ्यांच्या डब्यात होतं.

साहेबांनी खिडकीच्या गजांतून हात आत घातला. "पहुँचकर नकल बनाके भेज देना. इतना तो करोगे?"

मी म्हटलं, "साहेब, वाटेत हिला काही झालं तर कुणाकडेच काही उरणार नाही. आता जगात ही एकच आहे."

शिट्टी झाली. धानबाबू डबा घेऊन तसेच बसलेले, साहेबांचा हात तसाच आत. तेव्हा त्यांची बायको उठली. तिने आधी कुकर उचलला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला.

"का होगे?" धानबाबूंनी घाबरून त्यांच्या बोलीत विचारलं, काय झालं म्हणून.

"उतरो," ती म्हणाली. "बिलासपुर कहीं भागा नहीं जा रहा. इतने साल का काम है, ऐसे छोड़के जाओगे तो मुझे वहाँ रोज़ सुनाओगे."

मग एकच धांदल उडाली. वळकटी आली, पोतं आलं, ट्रंक दारात अडकली आणि साहेबांनी ती पाय लावून ओढली. धानबाबू सगळ्यांत शेवटी उतरले, डबा छातीशी धरून, आणि ते उतरले तेव्हा गाडी हलली होती.

त्यांनी घर तर सोडून दिलं होतं. साहेबांनी दोघांना आपल्याकडे नेलं. सकाळी सगळे एकाच टांग्यातून कार्यालयात आले. तोपर्यंत मी दुकानातून आणखी एक नवी डिस्क घेऊन बसले होते. धानबाबूंची डिस्क मी मशीनमध्ये घातली, शेजारी नवी, आणि उतरवणं सुरू केलं. साहेबांनी हुकूम काढला, मशीनच्या खोलीत कुणी चालायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं नाही. सगळं कार्यालय बाहेर ओसरीत बसलं. आत मी आणि धानबाबू. ते पडद्यावरच्या टक्क्यांकडे असे बघत होते जसे ओल्या कागदातल्या बियांकडे बघायचे. आदल्या दिवशी जिथे अडलं होतं तो आकडा आला. त्यांनी डोळे मिटले. आकडा पुढे सरकला. मी त्यांच्या खांद्याला हात लावून सांगितलं तेव्हा त्यांनी उघडले.

बाहेर रिकामं बसून काय करायचं, म्हणून कुणीतरी पोहे आणि कचोऱ्या आणल्या. कचोऱ्या आल्या म्हणून कुणीतरी हार आणला. हार आला म्हणताना साहेबांना भाषण करणं भाग पडलं. ते हिंदीत उभे राहिले. "आज हमारे बीच से एक ऐसा व्यक्ति जा रहा है, जिसकी कमी हमें सदा..."

"साहब, मैं ज़िंदा हूँ," धानबाबू आतून म्हणाले. "बिलासपुर ही जा रहा हूँ."

लोक हसले, साहेबही हसले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. मग भाषण तिथेच सोडून ते आत आले. बोलायचं नाही हा स्वतःचाच हुकूम मोडून म्हणाले, "वो असली-वसली की बात... मैंने फालतू कहा." धानबाबू म्हणाले, "धीरे बोलिए. मैडम नाराज़ होगी."

दुपारी त्यांच्या बायकोने पोतं सोडलं आणि प्रयोगशाळेच्या शेगडीवर भात लावला. वास सगळ्या इमारतीत पसरला. साहेबांनी दोनदा वाढून घेतला. तिसऱ्यांदा ताट पुढे करताना त्यांनी आपल्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "बुखार नहीं है, फिर भी खा रहा हूँ. लिख लो."

जेवणं आटोपेपर्यंत नवी डिस्क पूर्ण भरली. तिच्यावरून मी संध्याकाळच्या गाडीआधी आणखी एक भरून घेतली, उघडून तपासली, सोयाबीन दाखवलं, गहू दाखवला, मगच धानबाबूंची त्यांना परत दिली. या वेळी फलाटावर सगळं कार्यालय होतं. गाडी सुटताना साहेब तिच्याबरोबर काही पावलं चालले. गोष्ट पुरीची चालली होती, की प्रवासात पुरी बरी की भात. गाडीने वेग घेतला तेव्हा धानबाबूंची बाजू वर होती.

पुढे काय झालं, तर डिस्क सुखरूप पोचली आणि कपाटात जाऊन बसली. नव्या राज्यातल्या नव्या कार्यालयात टेबलं होती, खुर्च्या होत्या, पण ती डिस्क घालायला मशीनच आलेलं नव्हतं. ते यायला बराच काळ गेला. तोवर धानबाबूंना कुठला आकडा हवा असला की ते उज्जैनला फोन लावायचे. मी दर महिन्याला धूळ काढायला आणि टेप तपासायला जायचे, तेव्हा हे कितीदा पाहिलंय. साहेब मशीनसमोर बसलेले, फोन खांद्यात धरलेला, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात दुबराजचे, जवाफूलचे टक्के एकेक करून बिलासपूरला सांगताहेत. मशीन बंद करू का, असं मी खुणेने विचारायचे. ते हाताने मला स्टूल दाखवायचे. मी बसायचे. आकडे संपायचे, पण फोन काही लवकर खाली यायचा नाही.